सूत्रावांचून मूळ

ज्यानें शाळेंत वर्गसमीकरणें सोडविलीं आहेत त्याच्या मनांत एक समजूत बहुधा कायमची राहते. ती ही कीं, प्रत्येक समीकरणाचें कोठें तरी एक सूत्र असलेंच पाहिजे. तें पाठ असलें कीं उत्तर हातांत आलें, नसलें कीं समीकरण अडलें. आमच्या वर्गांत येणारीं मुलें फळ्यावर घनसमीकरण पडतांच पहिल्यानें हेंच विचारतात कीं, याचें सूत्र कोणतें? सूत्राशिवाय याचें मूळ दहा अंकांपर्यंत काढून दाखवितों, असें म्हटलें तर त्यांना तें कामचलाऊ वाटतें. खरें उत्तर कांहीं निराळेंच असून मास्तर आपल्याला अदमासावर भागवीत आहेत, असा भाव त्यांच्या चर्येवर दिसतो. आतां अक्षरांचें बीजगणित करणाऱ्या संगणकप्रणाली सहज मिळूं लागल्या आहेत. त्यामुळें ही समजूत ढिली होण्याऐवजीं घट्टच होत चालली आहे. गंमत अशी कीं, अशा प्रणालीला पांचव्या घाताचें एखादें साधेंसें समीकरण घातलें, तर ती पुष्कळदां गंभीरपणें सांगते कीं, याचें उत्तर म्हणजे 'या समीकरणाचें पहिलें मूळ'! विचारणाराचाच प्रश्न त्याच्या पदरांत परत घालण्याची ही विद्या पूर्वी फक्त वकिलांना येते अशी आमची समजूत होती.

समीकरण सुटलें म्हणजे नेमकें काय झालें? या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, वर्गसमीकरणाच्या पलीकडे सूत्राचा मार्ग हा धाकटा असून आंकड्यांनीं मुळाच्या जवळ जवळ जाण्याचा मार्ग हाच थोरला आहे. शिवाय सूत्राला तरी शेवटीं या थोरल्याच्याच दारीं जावें लागतें. वर्गसमीकरणाच्या सूत्रांत वर्गमूळाचें चिन्ह असतें. तें चिन्ह काढून त्याखालीं २ लिहिले कीं आपण मोकळे होतों. परंतु तें किती, असें कोणी विचारलें तर १.४१४२ हे अंक एकेक करूनच काढावे लागतात. '२ चें वर्गमूळ' हें क्ष-वर्ग = २ या समीकरणाच्या मुळाला दिलेलें नांव आहे. तें नांव आपल्या इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, त्यालाच आपण उत्तर समजतों.

तें उत्तर काढण्याची रीत आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें आर्यभटीयाच्या गणितपादांत दिली आहे. वर्गमूळाची एका श्लोकांत आणि घनमूळाची त्याच्या पुढच्याच श्लोकांत. आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांनीं शाळेंत अंकांच्या जोड्या पाडून भागाकाराच्या धर्तीवर जें वर्गमूळ काढलें असेल, त्याची जात हीच. त्या रीतींत काय चालतें तें पाहण्यासारखें आहे. मुळाचा पहिला अंक अदमासानें घ्यावयाचा, त्याचा भाग मूळ संख्येंतून वजा करावयाचा, आणि उरलेल्या शेषांतून पुढचा अंक शोधावयाचा. दर पायरीला समीकरण बदलतें, पण मूळ हुकत नाहीं. त्याचा राहिलेला भाग मात्र लहान लहान होत जातो. याच आर्यभटानें परिघ आणि व्यास यांचें गुणोत्तर देतांना त्याला 'आसन्न' म्हटलें आहे. आसन्न म्हणजे जवळचें. जवळचें असूनहि जवळचें म्हणून सांगणें, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाहीं.

आतां तिसऱ्या घाताकडे वळूं. सुमारें १२२५ सालीं सम्राट् दुसरा फ्रेडरिक इटलींतील पिसा शहरीं आला असतां, त्याच्या पदरच्या योहानेस नांवाच्या पालेर्मोच्या पंडितानें तेथील लिओनार्दोला कांहीं कूटप्रश्न घातले. हा लिओनार्दो म्हणजे ज्याला आज फिबोनाची म्हणतात आणि ज्यानें हिंदु अंकपद्धति युरोपांतील व्यापाऱ्यांना शिकविली तोच. प्रश्नांपैकीं एक असा: कोणत्या संख्येचा घन, तिच्या वर्गाची दुप्पट आणि तिची दहापट मिळून २० होतात? हेंच समीकरण उमर खय्यामच्या बीजगणितांत यापूर्वी येऊन गेलें होतें. त्यानें एक वर्तुळ आणि एक अपास्त वक्र काढून त्यांच्या छेदनबिंदूनें मूळ दाखविलें होतें. लिओनार्दोनें प्रथम सिद्ध केलें कीं, हें मूळ पूर्णांक नाहीं. मग तें अपूर्णांकहि नाहीं. मग युक्लिडच्या दहाव्या पुस्तकांत ज्या अकरणीगत संख्यांच्या जाती सांगितल्या आहेत, त्यांपैकीं एकींतहि तें बसत नाहीं. म्हणजे त्या काळीं माणसाजवळ संख्येला देण्यासारखीं जेवढीं नांवें होतीं, त्यांतलें एकहि या मुळाला लागूं पडेना.

आणि एवढें सिद्ध करून तो पुढें सरळ उत्तर देतो. आपल्या घटका-पळांप्रमाणें साठ साठ भाग पाडीत तो म्हणतो: १, मग २२ साठांश, मग त्याचे साठांश ७, आणि पुढें ४२, ३३, ४, ४०. दशांशांत मांडल्यास हें १.३६८८०८१०७८५ होतें, खरें मूळ १.३६८८०८१०७८२ आहे. शेवटच्या स्थानीं ४० च्या जागीं सुमारें साडेअडतीस पाहिजे होते, एवढाच काय तो फरक. हें त्यानें कसें काढलें तें त्यानें लिहून ठेवलें नाहीं, आणि यावर तर्क पुष्कळ झाले आहेत. आम्हांला मात्र रीतीपेक्षां त्याची वृत्ति अधिक मोलाची वाटते. या मुळाला कोणतेंहि परिचित रूप नाहीं हेंहि त्यानें सांगितलें, आणि तें किती आहे हेंहि सांगितलें. या दोहोंत त्याला विसंगति दिसली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांना ती दिसते.

घनसमीकरणाची गरज सर्वांत अधिक भासली ती ज्योतिष्यांना. ज्यांचें कोष्टक करावयाचें तर १ अंशाची ज्या अचूक पाहिजे. ३ अंशांची ज्या भूमितीनें निघते. पण कोनाचे तीन सारखे भाग करणें म्हणजे घनसमीकरण सोडविणेंच होय. त्रिज्या १ धरली, तर १ अंशाच्या ज्येच्या घनाची चौपट ३ अंशांच्या ज्येंत मिळवावी आणि बेरजेचा तिसरा हिस्सा घ्यावा, म्हणजे १ अंशाची ज्या येते. पण जी काढावयाची आहे तीच तर या हिशेबांत आधीं लागते! समरकंदच्या वेधशाळेंतील जम्शीद अल्-काशी (मृत्यु १४२९) यानें या पेंचाला भिण्याऐवजीं त्याचाच उपयोग करून घेतला. घनाचा भाग अगदींच लहान आहे, म्हणून पहिल्यानें तो सोडून द्यावा. जें येईल त्याचा घन करून परत हिशेबांत घालावा. आणि असें पुन्हां पुन्हां करावें. वाचकांनीं हें स्वतः करून पाहावें. ३ अंशांची ज्या ०.०५२३३५९५६२, तिचा तिसरा हिस्सा ०.०१७४४५३१८७. घन धरून पहिल्या फेरींत ०.०१७४५२३९७८ येते आणि दुसऱ्या फेरींत ०.०१७४५२४०६४, म्हणजे दहाहि स्थळें बरोबर. अल्-काशीनें ही ज्या सोळा दशांशस्थळांपर्यंत बिनचूक काढली होती.

अशा पुन्हां पुन्हां करावयाच्या गणिताला आपल्या ज्योतिषांत 'असकृत्कर्म' असें फार जुनें नांव आहे, आणि ग्रहांच्या गणितांत त्याचा उपयोग सर्रास होत असे. कोनाच्या तिसऱ्या आणि पांचव्या हिश्शाची ज्या अशाच असकृत् रीतीनें काढण्याचा विधि कमलाकरानें १६५८ मध्यें काशीस लिहिलेल्या सिद्धान्ततत्त्वविवेकांत दिला आहे. या कमलाकराचें घराणें मूळचें गोदावरीकांठच्या गोलग्रामचें, म्हणजे आपल्याकडचेंच. समरकंदच्या उलुघ बेगाचीं कोष्टकें त्याच्या माहितींतलीं होतीं. आपल्या शास्त्रांत परक्यांचें कांहीं घेतलें कीं तें बाटतें, असें मानणारांनीं हा कमलाकर एकदां वाचावा.

चीन देशांत छिन् जिउशाओ यानें १२४७ च्या आपल्या ग्रंथांत आर्यभटाच्या घनमूळासारखीच, पण कोणत्याहि घाताच्या समीकरणाला चालणारी अंकामागून अंक काढण्याची रीत दिली आहे. गोल तटबंदीच्या एका शहराचा व्यास काढण्यासाठीं त्यानें चक्क दहाव्या घाताचें समीकरण मांडलें आहे. उत्तर मूळ ३ आणि व्यास ९ ली! इतक्या वरच्या घाताची तेथें कांहीं गरज नव्हती. परंतु आपली पद्धत दाखविण्याची पंडितांची हौस सर्व देशांत सारखीच.

युरोपांत या मार्गाला जें समीकरण प्रसिद्ध करून गेलें तें न्यूटनचें. क्ष-घन – २ क्ष – ५ = ०, एवढेंच तें आहे. १६६९ मध्यें त्यानें आपल्या एका टिपणांत तें सोडवून दाखविलें. छापून तें प्रथम वॉलिसच्या बीजगणितांत १६८५ मध्यें बाहेर आलें. क्ष च्या जागीं २ घातल्यास – १ उरतो, म्हणजे मूळ २ पेक्षां थोडें मोठें. तेव्हां क्ष = २ + प असें धरलें. गुणाकार करून मांडल्यावर नवें समीकरण होतें: प-घन + ६ प-वर्ग + १० प – १ = ०. आतां प लहान आहे, तर त्याचा वर्ग आणि घन आणखीच लहान; ते तूर्त सोडून दिले कीं १० प = १, म्हणजे प जवळ जवळ ०.१. पुन्हां प = ०.१ + फ धरून तोच खेळ केला. येतें तें असें: फ-घन + ६.३ फ-वर्ग + ११.२३ फ + ०.०६१ = ०. यावरून फ = – ०.००५४. आणखी एका फेरींत फ चा सहगुणक ११.१६ च्या जवळ येतो, आणि दुरुस्ती – ०.००००४८५३ निघते. सर्व मिळून क्ष = २.०९४५५१४७. खरें मूळ २.०९४५५१४८१५… असें आहे, म्हणजे तीन फेऱ्यांत आठव्या स्थळीं फक्त एकाचा फरक.

यांत चलनकलनाचा कोठें मागमूस नाहीं, हें लक्षांत घ्यावें. दर वेळीं नवें समीकरण न मांडतां मूळच्याच समीकरणांतून दुरुस्ती काढण्याची सोय रॅफसननें १६९० मध्यें केली, आणि तिला चलनकलनाचें सर्वसाधारण रूप सिम्प्सननें १७४० मध्यें दिलें. आज पाठ्यपुस्तकांत 'न्यूटनची रीत' म्हणून जें छापलेलें असतें तें त्या रूपांत न्यूटननें लिहिलेलें नाहीं. मोठ्या माणसाच्या नांवावर लहान माणसांची जमा पडते, ती अशी.

कोणी म्हणेल, घनसमीकरणाला तर कार्दानोचें सूत्र १५४५ पासून छापील आहे, मग ही खटपट कशाला? तें सूत्र याच समीकरणाला लावून पाहावें. ६४३ ला १०८ नीं भागून वर्गमूळ काढा. तें अडीचांत मिळवून घनमूळ काढा. मग अडीचांतून वजा करून दुसरें घनमूळ काढा. आणि दोन्ही घनमुळांची बेरीज करा. म्हणजे एका मुळाऐवजीं तीन मुळें काढणें आलें, आणि तीं तिन्ही पुन्हां अंकाअंकानेंच! जेथें तिन्ही मुळें वास्तव आणि अकरणीगत असतात, तेथें तर सूत्र कल्पित संख्यांच्या घनमुळांत नेऊन सोडतें. सूत्राचें शास्त्रांतील मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण बाजारांत त्याची मोड करावयाची तर ती याच पेढीवर होते.

पुढें या गोष्टीला एक मोठें मार्मिक वळण लागलें. पांचव्या आणि त्यावरच्या घातांच्या सर्वसाधारण समीकरणाला असलें सूत्र असूंच शकत नाहीं, असें मोदेना येथील रुफिनी यानें १७९९ मध्यें प्रतिपादन केलें. त्याच्या सिद्धतेंत एक खिंडार राहिलें होतें. तें टाळून पूर्ण सिद्धता आबेलनें १८२४ मध्यें दिली. गणिताच्या इतिहासांत ही कथा नेहमीं सूत्राच्या पराभवाची म्हणून सांगतात. पण याच रुफिनीनें १८०४ मध्यें कोणत्याहि घाताच्या समीकरणाचें मूळ आंकड्यांनीं काढण्याची रीत प्रसिद्ध केली, हें फारसें कोणी सांगत नाहीं. एक दार बंद आहे असें ज्यानें ओळखलें, त्यानेंच दुसरें झाडून साफ केलें.

तीच रीत बाथ शहरांतील विल्यम हॉर्नर नांवाच्या एका शाळामास्तरानें स्वतंत्रपणें शोधली, आणि १ जुलै १८१९ रोजीं ती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचण्यांत आली. इंग्रजी वळणाच्या आपल्या कॉलेजांतून ती हॉर्नरच्याच नांवानें शिकविली गेली. छिन् जिउशाओच्या रीतीशीं ती जवळ जवळ एकरूप आहे, हें पुढें ध्यानांत आलें. तिचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील प्रोफेसर ऑगस्टस डी मॉर्गन. यांचा जन्म १८०६ सालीं आपल्याच देशांत, मदुरा येथें झाला होता. फ्रेंच गणिती फूर्ये याच्या मरणानंतर १८३१ मध्यें निघालेल्या ग्रंथांत न्यूटनच्या वरील समीकरणाचें मूळ ३३ अंकांपर्यंत दिलेलें होतें. तेव्हां हॉर्नरच्या रीतीचें सामर्थ्य दाखवावें म्हणून डी मॉर्गननें १८४१ मध्यें आपल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटींत फूर्येला मागें टाकण्याचा अभ्यास दिला. ५० स्थळांपर्यंत एकमेकांशीं जुळणारीं अनेक उत्तरें आलीं. १८४८ मध्यें त्यानें तेंच पुन्हां घातलें. बहुतेकांचीं उत्तरें ५२ पासून ७५ स्थळांपर्यंत गेलीं, आणि अबकारी खात्यांतील जॉन्स्टन नांवाच्या एका गृहस्थाचें तर १०१ स्थळांपर्यंत!

हें बरोबर कीं चूक, हें ताडून पाहावयाचें कसें? डी मॉर्गननें त्या गृहस्थाला दुसरेंच एक समीकरण सोडवावयास दिलें आणि त्याचा पहिल्याशीं संबंध काय तें सांगितलें नाहीं. त्याचें मूळ ९.०५४४८५१८४५७६७३… असें आलें. पहिलें मूळ २.०९४५५१४८१५४२३…. जॉन्स्टनला उत्तर काढल्यावरहि संबंध उमगला नाहीं. डी मॉर्गननें वाचकांनाहि तें कोडें म्हणूनच घातलें आहे. आम्ही तें फोडतों. पहिल्याची दहापट करून ३० मधून वजा करा, दुसरें येतें. दुसऱ्या गणितांत अंक सर्वस्वी निराळे येतात, त्यामुळें पहिल्या गणितांतील चूक जशीच्या तशी तेथें उतरण्याचा संभव नाहीं. आणि इतकें करून दोन्ही उत्तरें जुळलीं, तर ती साक्ष पक्की. शंभर अंकांचा व्यवहारांत कांहीं उपयोग नाहीं हें डी मॉर्गनला आमच्याइतकेंच ठाऊक होतें. पण आपलें उत्तर कोठवर खरें आहे, हें दुसऱ्या वाटेनें तपासून सांगण्याची ही शिस्त आम्हांला त्या १०१ अंकांहून मोठी वाटते. १८५१ मध्यें हिक्स नांवाच्या आणखी एका विद्यार्थ्यानें तेंच मूळ १५२ स्थळांपर्यंत नेलें.

एवढ्यावरून वाटेल कीं, रीत हातीं आली, चिकाटी असली, कीं कोणत्याहि बहुपदीचें मूळ हवें तितक्या अंकांपर्यंत निघालेंच. संगणक आल्यावर चिकाटीचाहि प्रश्न मिटला. आणि नेमका याच वेळीं हिशेबनिसांचा खरा शत्रु उघडा पडला. तो दाखविला जेम्स विल्किन्सन यानें. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत, १९५० मध्यें प्रथम चाललेल्या यंत्रावर काम करणारा हा गणिती. यंत्राची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें ज्याचीं मुळें आधींच ठाऊक आहेत असें समीकरण घेतलें: १, २, ३ पासून २० पर्यंतच्या सर्व पूर्णांकांचें. याहून सालस समीकरण कोणतें असावें? कंस सोडवून तें विसाव्या घाताच्या रूपांत मांडलें कीं क्ष च्या एकोणिसाव्या घाताचा सहगुणक – २१० येतो. या २१० मध्यें सुमारें एक कोटींश, म्हणजे नेमकेपणें ०.००००००१२ एवढा फरक केला, तर वीस मुळांपैकीं दहा वास्तवच राहत नाहींत. १६ आणि १७ यांच्या जागीं १६.७३ च्या आसपास एक कल्पित जोडी येऊन बसते, आणि २० चें २०.८५ होतें. १९६३ मध्यें निघालेल्या आपल्या पुस्तकांत विल्किन्सननें हें सर्व अंकांसह मांडलें आहे.

येथें दोष रीतीचा नाहीं, आणि यंत्राचाहि नाहीं. तो त्या समीकरणाच्या स्वभावांत आहे, आणि न्यूटनच्या रीतींतील भाजकच तो दाखवितो. न्यूटनच्या समीकरणांत शेवटीं भाजक ११.१६ आला होता. त्याचा अर्थ असा कीं, तेथील ५ या अंकांत कांहीं चूक असेल, तर मुळांत तिचा अकरावा हिस्साच उतरतो. तें समीकरण चुका गिळतें. विल्किन्सनच्या समीकरणांत तोच हिशेब केला, तर २१० मधील चूक २० या मुळापाशीं सुमारें ४ कोटि ३१ लाख पट होऊन निघते, आणि १६ पाशीं २४० कोटि पट. मोजमापांतून आलेला सहगुणक सातव्या-आठव्या स्थळीं शुद्ध असतोच कोठें? मग यंत्र त्या सहगुणकांवरून मुळाचे पंधरा अंक छापून देईल, ते सर्व सुबक दिसतील, आणि त्यांतला पहिलाहि खरा असेलच असें नाहीं. आसन्न उत्तराला कमी लेखणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे पंधरा अंक मात्र सूत्राइतकेच विश्वासार्ह वाटतात. अल्-काशीला आणि डी मॉर्गनच्या त्या अबकारी कारकुनाला आपला कोणता अंक कोठून आला हें ठाऊक होतें.

१९८४ मध्यें लिहिलेल्या एका निबंधांत विल्किन्सननें या जातीच्या बहुपदीला विश्वासघातकी म्हटलें. तोंपर्यंत यंत्रावर मुळें काढण्याची चाल पार उलटली होती. पूर्वी सारणीचीं लक्षणमूल्यें पाहिजे असलीं, तर तिची बहुपदी मांडून मुळें काढीत. आतां बहुपदीचीं मुळें पाहिजे असलीं, तर पुष्कळ प्रणाली तिची सारणी बनवून १९६१ च्या सुमारास निघालेल्या रीतीनें लक्षणमूल्यें काढतात. ती रीतहि असकृत्‌च आहे: फेरी करावयाची, शेष पाहावयाचा, पुन्हां फेरी. विल्किन्सनच्या बिघडलेल्या समीकरणावर ती चालविली तरी १ पासून ७ पर्यंतचीं मुळें जवळ जवळ जागच्या जागीं सांपडतात. ८ किंचित् सरकतो, ९ अधिक सरकतो, आणि १० व ११ एकमेकांत अडकून कल्पित होतात.